तुम्ही विचारलंत म्हणून: मोटर स्टेप चुकवते, मोठी घेऊ का?

घरी सीएनसी राऊटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं यंत्र) बांधणारे लोक मला सगळ्यांत जास्त वेळा हेच विचारतात. मशीन सुरुवातीला नीट चालतं, पण अर्धा जॉब झाला की नक्षी एका बाजूला सरकते. मग स्टेपर मोटरीबद्दल, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटरीबद्दल, प्रश्न येतो, "स्टेपर स्टेप चुकवतोय, किती मोठी मोटर घेऊ?"

यावर मी आधी उलटा प्रश्न विचारतो. नक्षी नेमकी किती मिलिमीटर सरकली? बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं. जॉब बिघडल्याची चिडचिड असते, लाकूड फेकून दिलेलं असतं आणि नव्या मोटरीचा शोध सुरू झालेला असतो. खरं तर त्या फेकून दिलेल्या लाकडावरच निम्मं उत्तर लिहिलेलं होतं.

स्टेपर मोटर जिथे वाटेल तिथे घसरत नाही. घरगुती मशीनवर बहुतेक वेळा १.८ अंशाची मोटर असते, म्हणजे एका फेरीला २०० पूर्ण स्टेप. तिच्या रोटरवर ५० दात असतात. भार पेलला नाही की रोटर चुंबकीय पकडीतून सुटतो आणि मधे कुठेही न थांबता पुढच्या सारख्याच जागी जाऊन बसतो. ही उडी ३६० भागिले ५० म्हणजे ७.२ अंशांची, म्हणजेच ४ पूर्ण स्टेपची. आता तुमच्या अक्षावर १६०५ बॉलस्क्रू असेल, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा आणि एका फेरीला ५ मिलिमीटर सरकणारा, तर ही उडी बरोबर ०.१ मिलिमीटरची होते. एका फेरीला ८ मिलिमीटर सरकणारा साधा लीडस्क्रू असेल तर ०.१६. जीटी२ पट्टा (दर २ मिलिमीटरला एक दात असलेला) आणि २० दातांची पुली असेल, तर एका फेरीत पट्टा ४० मिलिमीटर सरकतो, म्हणून उडी थेट ०.८ मिलिमीटरची.

म्हणजे मोटर ताकदीला कमी पडली असेल, तर चूक या उडीच्या पटीतच येणार. बॉलस्क्रूवर ०.३ येईल, १.७ येईल, पण ०.०४ येणार नाही. चूक पटीत बसली म्हणून दोष ताकदीचाच, असं मात्र लगेच ठरवू नका, कारण योगायोगाने कुठलाही आकडा पटीत बसू शकतो. पटीत बसलीच नाही, तर मात्र मोटरीकडे संशयाने पाहणं थांबवा.

मोजण्यासाठी जॉब कापायची गरज नाही. स्पिंडलला (हत्यार फिरवणाऱ्या भागाला) डायल गेज (बारीक सरक दाखवणारं घड्याळी मापक) लावा आणि बेडवर पक्क्या बसवलेल्या ठोकळ्याला टेकवून शून्य करा. मग तोच प्रोग्राम हवेत चालवा आणि मशीनला पुन्हा शून्यावर आणा. गेज नसेल तर टोकदार पेन्सिल आणि बेडवर चिकटवलेला कागद चालेल, फक्त बारीक फरक दिसणार नाही. ठोकळ्याकडे दोन्ही वेळा एकाच बाजूने या, नाहीतर नटमधला प्ले (ढिलेपणा) सुद्धा मोजमापात मिसळेल. हा प्रयोग एकदा स्पिंडल बंद ठेवून करा, एकदा चालू ठेवून, आणि एकदा वेग निम्मा करून. तिन्ही आकडे लिहून ठेवा.

वेग निम्मा केल्यावर चूक नाहीशी झाली आणि आधीचा आकडा पटीत बसत होता, तर गोष्ट ताकदीची आहे. पण ताकद कमी पडायचं कारण मोटर लहान असणं हे फार कमी वेळा असतं. स्टेपरची ताकद वेगाबरोबर घटते. वेग वाढला की प्रत्येक कॉइलला करंट भरून घ्यायला कमी वेळ मिळतो, शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज निर्माण करते. मोटरीच्या कागदावर छापलेला टॉर्क हा उभ्या मोटरीचा असतो, ६०० आरपीएमवरचा नसतो. म्हणून वेग आणि त्याहून जास्त अ‍ॅक्सिलरेशन आधी कमी करून पाहा. जीआरबीएलमध्ये, म्हणजे कंट्रोलर बोर्डवरून मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगाची मर्यादा $११० ते $११२ इथे असते आणि अ‍ॅक्सिलरेशन $१२० ते $१२२ इथे. जड गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) ओढणाऱ्या अक्षाला आणि हलक्या झेड (वर-खाली) अक्षाला एकच आकडा देऊ नका.

त्यानंतर करंट. ड्रायव्हरवरचे (मोटरीला करंट पुरवणाऱ्या पेटीवरचे) डिप स्विच, म्हणजे छोटे खटके, मोटरीच्या रेटिंगप्रमाणे लावलेत का ते पाहा. काही ड्रायव्हरवर करंटचा कमाल आकडा छापलेला असतो, काहींवर आरएमएस (सरासरीसारखा परिणामी आकडा), आणि या दोन्हींत १.४ पटीचा फरक असतो. मोटर हाताला चटका बसेल इतकी गरम झाली म्हणून घाबरून करंट उतरवणारे मी बरेच पाहिलेत. बहुतेक स्टेपर ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या बाह्य तापमानापर्यंत चालावेत अशाच बनवलेल्या असतात. उभी असताना तापते म्हणून काळजी वाटत असेल, तर ड्रायव्हरवर थांबल्यावर करंट निम्मा करणारा स्विच असतो, तो लावा.

मग यंत्राचं अंग. वीज पूर्ण बंद करा, कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सोडवा आणि स्क्रू बोटांनी फिरवत गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मधे मऊ आणि टोकाला जड लागत असेल, तर रेल समांतर नाहीत किंवा नटचा कंस स्क्रूच्या रेषेत नाही. अशा मशीनवर कितीही मोठी मोटर बसवली तरी ती बेअरिंग खाते, चूक तशीच राहते. माझं स्पष्ट मत आहे की "मोटर कमी पडते" म्हणून आलेल्या तक्रारींत सगळ्यांत जास्त दोष इथेच सापडतो, आणि लोक सगळ्यांत शेवटी इथेच बघतात. कारण इथे दुरुस्ती म्हणजे अर्धं मशीन उसवून परत जुळवणं, आणि त्यापेक्षा नवी मोटर मागवणं सोपं वाटतं. उसवा. एक दिवस जाईल, पण पुढची सगळी वर्षं मशीन हलकं चालेल.

आता चूक पटीत बसत नाही असं धरू. वेग कमी केला तरी ती तेवढीच राहते आणि प्रोग्राम जितका लांब तितकी वाढत जाते. पहिला संशय कपलिंगच्या ग्रब स्क्रूवर, म्हणजे शाफ्टवर आवळलेल्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर. शाफ्ट आणि कपलिंग दोघांवरून एकच सरळ रेघ मार्करने ओढा, प्रोग्राम चालवा आणि रेघ तुटली का बघा. तुटली असेल तर शाफ्टवर ग्रब स्क्रूपुरती सपाट जागा घासून घ्या किंवा आवळणारं कपलिंग वापरा. पट्ट्याच्या मशीनवर हीच तपासणी पुलीवर करा.

रेघ जागेवर असेल तर गोष्ट सिग्नलची, आणि इथे एक दोष असा आहे की तो माहीत नसेल तर माणूस महिनोन्महिने शोधत बसतो. ड्रायव्हरला दोन सिग्नल लागतात, एक स्टेपचा आणि एक दिशेचा. दिशेचा सिग्नल स्टेपच्या आधी थोडा वेळ पोहोचलेला असावा लागतो. डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरला त्यासाठी ५ मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही एकदमच आले तर वळणावरची पहिली मायक्रोस्टेप (पूर्ण स्टेपचा छोटा भाग) जुन्याच दिशेला जाते. दोन्ही वळणांवर सारखंच झालं असतं तर ते फिटून गेलं असतं. पण ड्रायव्हरच्या दारातला ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोहोचवणारा भाग) चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखा वेळ घेत नाही. त्यामुळे उजवीकडून डावीकडे वळताना दिशा वेळेत वाचली जाते, डावीकडून उजवीकडे वळताना चुकते, किंवा याच्या उलट. दर फेऱ्याला (एकदा पुढे, एकदा मागे) २ मायक्रोस्टेपचा फरक पडतो. १/८ मायक्रोस्टेपवर मोटरीला एका फेरीला १६०० पल्स लागतात, ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर मिलिमीटरला ३२०. म्हणजे दर फेऱ्याला ०.००६ मिलिमीटर, जे कुणाला दिसणार नाही. पण कोरीवकामात अक्ष शेकडो वेळा मागेपुढे होतो, आणि २०० फेऱ्यांनंतर सव्वा मिलिमीटर सरकलेलं असतं. मोठा चौकोन कापला तर सगळं बरोबर, बारीक अक्षरं कोरली की नक्षी तिरकी.

हे पडताळायला अक्ष १ मिलिमीटर पुढे, १ मिलिमीटर मागे असा २०० वेळा हलवा. मग तेवढंच एकूण अंतर एकाच लांब फेऱ्यात कापा. पहिल्यात चूक आली आणि दुसऱ्यात आली नाही, तर निदान झालं. स्टेप सिग्नलची ध्रुवता उलटी करून पाहा, जीआरबीएलमध्ये त्यासाठी $२ आहे. मोटर तीच, तारा त्याच, आणि दोष गेलेला असतो. हा दोष सापडल्यावर समोरच्याच्या आवाजात जो आनंद येतो, त्यासाठी मी हे पुन्हा पुन्हा आवडीने समजावून सांगतो.

चूक फक्त स्पिंडल चालू असतानाच येत असेल, तेही हवेत, तर तो विजेचा गोंगाट आहे. स्पिंडलची केबल आणि सिग्नलच्या तारा एका साखळीतून नेऊ नका. शिल्डेड केबल वापरा आणि तिचं शिल्ड कंट्रोलरच्या बाजूला, एकाच टोकाला अर्थ करा. लिमिट स्विच उगाचच लागून मशीन थांबत असेल, तर तेही बहुधा याच घरातलं भूत.

मोटर मुळात फिरतच नाही, जागेवर घुरघुरते किंवा कधी इकडे कधी तिकडे उडी मारते, तेव्हा एक कॉइल तुटलेली आहे किंवा जोड्या चुकल्यात. वीज बंद करून मल्टीमीटरने पाहा. एका कॉइलच्या दोन टोकांत साधारण एक ते काही ओहम दिसतील, दोन वेगळ्या कॉइलमध्ये काहीच नाही. मल्टीमीटर नसेल तर सुट्या मोटरीच्या दोन तारा एकमेकींना टेकवा. शाफ्ट फिरवायला जड झाला तर ती जोडी एका कॉइलची. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरीचा कनेक्टर कधीही काढू नका. कॉइलमधल्या करंटला अचानक वाट उरत नाही आणि व्होल्टेजचा जो झटका बसतो त्याने ड्रायव्हर जातो.

गुळगुळीत चालावं म्हणून १/३२ मायक्रोस्टेप लावणाऱ्यांनाही एक हिशोब सांगायचा आहे. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर मग मिलिमीटरला १२८० पल्स लागतात. आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरचं जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकतं, म्हणजे मिनिटाला १४०० मिलिमीटरच्या वर ते जाऊच शकत नाही. १/८ वर हीच मर्यादा ५६०० आहे.

हे सगळं तपासून झालं, स्क्रू बोटांनी हलका फिरतो, करंट बरोबर आहे, अ‍ॅक्सिलरेशन माफक आहे, आणि तरीही वेगात असताना ०.१ च्या पटीतच चूक येते, तर पुढची पायरी व्होल्टेजची. २४ व्होल्टवरून ३६ वर गेलात तर वरच्या वेगातली ताकद स्पष्टपणे वाढते, अर्थात ड्रायव्हरची मर्यादा पाहून आणि थोडी जागा राखून, कारण ब्रेक लागताना मोटर वीज परत ढकलते. एक अंदाजाचं सूत्र प्रचलित आहे: मोटरीचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) मिलीहेन्रीत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा. १ मिलीहेन्रीला ३२ व्होल्ट, ४ मिलीहेन्रीला ६४. आणि नवी मोटर घ्यायचीच असेल, तर तिच्या कागदावर टॉर्कच्या आधी इंडक्टन्सचा आकडा वाचा. मोठ्या, जास्त इंडक्टन्सच्या मोटरीला तुमचा ५० व्होल्टचा ड्रायव्हर पुरेसा करंट वेळेत भरू शकणार नाही, आणि ज्या वेगाला आजची मोटर घसरते, त्याहून कमी वेगाला ती घसरेल.