पत्र न उघडणारा वाचक

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि अजून एकोणीस निबंध तपासायचे होते. हातातल्या निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक प्रसंग आला. नायिका जिन्यात बसून वडिलांचा जुना आवाज टेपवर ऐकते, टेप संपते, ती उठत नाही. विवेचन चांगलं होतं. अडचण एवढीच, की कथेत हा प्रसंग नव्हता.

समकालीन कथा वेगवेगळ्या माध्यमांतून वाचायला शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स मी आठ वर्षं घेते आहे. त्यात कादंबरी आहे, कॉमिक आहे, ऑडिओ मालिका आहे, गेम आहे. ऑनलाइन शिकवणं म्हणजे व्याख्यान एकदा रेकॉर्ड करायचं आणि मोकळं व्हायचं, असं लोकांना वाटतं. खरं काम म्हणजे सत्र सुरू व्हायच्या आत नेमलेली प्रत्येक कलाकृती अजून उघडते का, ते बघणं. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेम चालवणारं फ्लॅश अडोबीनं 2020 च्या अखेरीस बंद केलं आणि पुढच्या सत्रात माझं दोन आठवड्यांचं वाचन नुसता करडा चौकोन होऊन बसलं. जे उघडतं त्याचाही भरवसा नाही. अमेरिकन लेखिका जेनिफर ईगनची ‘ब्लॅक बॉक्स’ ही कथा 2012 साली न्यूयॉर्कर या नियतकालिकाच्या ट्विटर खात्यावरून दहा रात्री एकेक ट्वीट करत आली होती. विद्यार्थी ती आता सलग वाचून काढतात आणि लिहितात, ‘शैली तुटक आहे’. तुटक नाही हो, तिला थांबून थांबून वाचायचं होतं.

तर निबंध होता ट्वाइनमध्ये लिहिलेल्या एका कथेवर. ट्वाइन हे ख्रिस क्लाइमसनं 2009 साली आणलेलं मोफत साधन आहे. कथेचे तुकडे, म्हणजे पॅसेज, लिहायचे आणि शब्दांना लिंक देऊन जोडायचे. वाचक ज्या शब्दावर क्लिक करेल तिकडे कथा जाते. आमच्या कथेतली बाई वारलेल्या वडिलांचं घर रिकामं करायला आली आहे. खणात एक बंद पाकीट सापडतं, वर धाकट्या बहिणीचं नाव. उघडायचं की परत ठेवायचं? ही कथा मी दर सत्रात नव्यानं वाचत आले होते. पाठ होती म्हटलं तरी चालेल.

मी शेरा लिहिला: ‘हा प्रसंग कृतीत कुठेही नाही. एआयनं रचलेला मजकूर न पडताळता वापरल्याचं दिसतं.’ संशय हवेतला नव्हता. त्याच सत्रात तीन निबंधांत नसलेली पात्रं आणि नसलेली अवतरणं सापडली होती, तीही छातीठोक भाषेत. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं या निबंधाला अठरा टक्के दिले होते. अठरा टक्क्यांचा अर्थ काय, हे आमच्या विभागात कुणालाच सांगता येत नाही, पण आकडा असला की हात लिहायला धजावतो. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “रात्रपाळी करणारा माणूस एवढं बारकाईनं वाचणार कधी?” मला ते खटकलं. तरी गैरप्रकाराच्या तक्रारीचा फॉर्म भरलाच.

दोन दिवसांनी निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा मेल आला. वयानं ते माझ्याहून मोठे, खरोखरच रात्रपाळीला असतात आणि नेमलेलं सगळं मधल्या सुट्टीत फोनवर वाचतात. मेलमध्ये राग नव्हता. ‘मॅडम, पान क्रमांक नसल्यामुळे संदर्भ कसा द्यावा ते कळलं नाही. सोबत पाठवतो आहे.’ सोबत एक्केचाळीस मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. पान क्रमांक नाहीत हे खरंच आहे. आमच्या गुणतक्त्यात ‘पुराव्याचा वापर’ याला पंचवीस गुण आहेत आणि पुरावा म्हणजे पान क्रमांक किंवा मिनिट-सेकंद. फाटे फुटणाऱ्या कथेत दोन्ही नसतात, हे मी बैठकीत दोनदा मांडलंय.

रेकॉर्डिंग मी पूर्ण बघितलं. अंगठा पडद्यावर दिसत नव्हता, पण किती वेळ थांबतो ते कळत होतं. पाकीट समोर आलं. बराच वेळ काही नाही. मग ‘परत ठेवलं’. कथा फिरून पुन्हा खणापाशी आली. परत ठेवलं. तिसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदाही परत ठेवलं. आणि मग ज्या जिन्यावरून मी इतक्या वेळा नुसती खाली उतरले होते, तिथे एक शब्द अचानक निळा झाला: टेप.

मी फाइल ट्वाइनच्या संपादकात आयात केली. तसं केलं की सगळी कथा चौकोन आणि बाणांच्या नकाशासारखी समोर पसरते. विद्यार्थ्यांना मी हे करू देत नाही, ‘नकाशा बघू नका, वाचा’ असं सांगते, म्हणून स्वतःही कधी केलं नव्हतं. उजव्या कोपऱ्यात सात चौकोनांचा एक पुंजका होता आणि त्याच्या दाराशी एक साधी अट: पाकीट नाकारल्याची मोजणी तीन झाली तरच. आपण किती चौकोनांत गेलो होतो ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मी दर वेळी पाकीट उघडलं होतं. कधी पहिल्याच खेपेला, कधी नाटकापुरता एक नकार देऊन. आठ वर्षांत तीनदा ‘नाही’ म्हणणं मला सुचलंच नाही.

ही युक्ती मला ठाऊक नव्हती अशातला भाग नाही, तीच तर खरी लाज. मायकल जॉइसची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकनं जोडलेल्या तुकड्यांची कथा 1987 सालची. तिच्यात 539 तुकडे आहेत आणि काही तुकडे ठरावीक दुसरे वाचून झाल्याशिवाय उघडतच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी हे स्लाइडसकट शिकवते.

फॉर्म मागे घ्यायचा म्हटलं तर त्यात तशी सोयच नाही. प्रकरण बंद करण्याची कारणं यादीतून निवडायची: ‘आरोप सिद्ध’, ‘पुरावा अपुरा’, ‘विद्यार्थ्यास समज दिली’. ‘तपासणाऱ्याची चूक’ हा पर्याय कुणाला सुचलेला नाही. मी ‘पुरावा अपुरा’ निवडलं, वर समितीला वेगळा मेल केला आणि गुण वाढवले.

त्यांना फोन करून माफी मागितली. तीनदा नाही का म्हणालात, हेही विचारलं. वाचनाची काही पद्धत असेल, सगळे फाटे तपासायचा बेत असेल, असं मला वाटलं होतं.

“दुसऱ्याच्या नावाचं पाकीट ना ते, मॅडम. उघडणार कसं?”

मग थोडं थांबून, अजिबात टोमणा न मारता म्हणाले, “त्यात काय होतं ते आता कळलंच म्हणा. तुमच्या शेऱ्यात होतं.”

मी शेरा पुन्हा उघडून पाहिला. खरंच होतं. कथा मला माहीत आहे हे दाखवायला मी पत्राचा सगळा मजकूर दोन ओळींत लिहून ठेवला होता.