दोन पेन्शनी आणि एक बेट

मुलुंडची आमची इमारत २०२४ मध्ये रीडेव्हलपमेंटला गेली आणि त्याच वर्षी मी बँकेतून निवृत्त झाले. हे तीन वर्षं आधीच घरी बसले होते. बिल्डर महिन्याचं भाडं देणार होता आणि तीन वर्षांत चावी म्हणत होता. (मुंबईकराने त्यात दोन वर्षं मिळवूनच ऐकायचं असतं.) भाड्याच्या घरांचे जिने चढून गुडघे बोलायला लागले, तेव्हा एका रात्री हे म्हणाले, “घर सोडायचंच आहे, तर मुलुंडातच कशाला? एखाद्या बेटावर जाऊन राहू.” मला थट्टा वाटली. सकाळी बघते तर वही घेऊन बसलेले.

वहीत एकच हिशेब होता, महिना कितीत भागेल. दोघांची पेन्शन आणि पोस्टातलं व्याज मिळून आमच्या हातात नव्वद हजारांच्या आसपास येतात. भाडं, भाजी, बस, वीज धरली तर तेवढ्यात थायलंडमध्ये बरं चाललं असतं. पण तिथे राहायला पन्नाशीपुढच्यांसाठीचा जो व्हिसा आहे, त्याला बँकेत ८ लाख बाट ठेवा, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा, असं आहे. म्हणजे तेव्हाचे दीड लाख रुपये महिना! एवढे असते तर स्वस्त देश शोधत कशाला बसलो असतो? ठेवीचा मार्ग हातात असलेल्या एकरकमी पैशांतून जमला असता, पण त्या व्हिसाला आरोग्य विमाही लागतो आणि यांना स्टेंट आहे. ज्या एजंटने फोनवर “काही टेन्शन नाही आंटी” म्हटलं होतं, तो स्टेंट हा शब्द ऐकल्यावर परत फोनवर आला नाही.

मलेशियाचं तर हसूच आलं. त्यांची योजना पूर्वी महिना १० हजार रिंगिट उत्पन्न मागायची, २०२१ मध्ये ते एकदम ४० हजार झालं. २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले, आणि त्यात चांदीच्या पायरीलाही दीड लाख डॉलरची ठेव, वर घर विकत घ्यायचं. सोन्याची पायरी मी वाचलीच नाही. यातून एक कळलं की परक्या देशाचा नियम हा आपला करार नसतो. साठीला घेतलेला निर्णय पासष्टीला कोणीतरी तिकडे बसून मोडू शकतो.

अंदमानला व्हिसा नको म्हणून दोन दिवस तेही चर्चेत होतं. पण छातीत दुखलं की चेन्नईचं विमान बघायचं, हे मला मान्य नव्हतं. लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो, तो विषय चहा संपायच्या आत संपला.

राहिलं मॉरिशस. तिथेही पन्नाशीपुढच्या निवृत्तांना राहण्याचा परवाना मिळतो, पण तेव्हाची अट महिना १,५०० डॉलर तिथे आणण्याची होती. सव्वा लाख. परत तेच. तरी मॉरिशस माझ्या मनातून जाईना. तिथे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्यांची मराठी वस्ती आहे, आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

मग मी बँकेतला हिशेब काढला, यांचा नव्हे. कायमचं गेलो की आपण अनिवासी. बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करा, आणि अनिवासीला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना नव्याने काढता येत नाही. माझे त्यात २० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी, तिमाहीला ४१ हजार येतात. मुदत संपल्यावर ते कुठे ठेवायचे? शिवाय आमचा मेडिक्लेम फक्त भारतातल्या उपचारांना. अठरा वर्षं हप्ते भरून जो बांध घातला, तो स्वस्त भाड्यासाठी फोडायचा? उलट वर्षातले १८२ दिवसांहून जास्त भारतातच काढले, तर यातलं काहीच हलत नाही. आणि पर्यटक म्हणून मॉरिशसला जायला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहायची सोय आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. बँकेतल्या बाईला हे सुचायला चार महिने लागले, याची अजून लाज वाटते.

जुलैपासून सहा आठवडे राहून आलो. समुद्रकिनारी नाही, कात्र बोर्नला, वरच्या पठारावर. इथे पाऊस कोसळत असताना तिथे हिवाळा असतो. यांना घाम नाही, मला स्वेटर. मेट्रो थेट राजधानी पोर्ट लुईसला जाते. रस्त्यावर धोल पुरी मिळते, पातळ, आत डाळ भरलेली, गूळ विसरलेली पुरणपोळीच जणू. बरोबर घेवड्याचा रस्सा. फळं, दूध, डाळी मात्र मुंबईहून महाग, कारण बरंच बाहेरून येतं. स्वयंपाकघराचा खर्च आम्ही कमी धरला होता. यांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, चिठ्ठीसकट नेल्या होत्या. एकदा औषधाच्या दुकानात आपल्याकडचं कंपनीचं नाव कोणाला कळेना, ‘क्लोपिडोग्रेल’ म्हटल्यावर लगेच कळलं. मूळ औषधाचं नाव कागदावर लिहून ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

घरमालकीण सत्तरीची, क्रिओल ही तिथली बोली बोलणारी, पण मराठी. तिची मराठी माझ्या आजीसारखी, अधेमधे शब्द हरवणारी. तिनेच सांगितलं, नोव्हेंबर ते एप्रिल येऊ नका, तेव्हा चक्रीवादळं असतात आणि तिसऱ्या दर्जाचा इशारा लागला की दुकानं, बस सगळं बंद. आम्हाला तसंही नोव्हेंबरात हयातीचा दाखला इथेच राहून देणं सोयीचं.

आता मुलुंडातच वन बीएचके भाड्याने घेतलंय, लिफ्टचं. जाताना कुलूप लावतो आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो. यंदा गणपती तिकडेच करायचा बेत आहे. घरमालकिणीने मोदकाचा साचा मागवलाय, तिचा आजीच्या वेळचा होता तो फुटला. दादरला जाऊन पितळी आणला. हे म्हणतात, सामानाचं वजन वाढेल.