गोळी फसफसेपर्यंत

डोकं दुखत असलं की माणसाला घाई असते. फसफसणाऱ्या गोळीला मुळीच नसते. परवा गार पाण्यात एक टाकली आणि कपाळ धरून बघत बसलो. ती तळाशी गेली, अंगावर बुडबुडे ओढून घेतले आणि जागच्या जागी डुगडुगत राहिली. झिजून हलकी झाल्यावर वर आली आणि नखाएवढी चकती होऊन निवांत तरंगू लागली. दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन कोमट पाणी घेतलं. गोळी तळ गाठते न गाठते तोच सुर्र! पेल्याबाहेर तुषार, आणि मी चष्मा पुसतोय.

गोळीत सायट्रिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट एकमेकांना खेटून असतात, पण कोरडे असेपर्यंत ओळख दाखवत नाहीत. पाण्यात सुटे होऊन भेटले की कार्बन डायऑक्साइडचा फेस. भेटच नाही तर अभिक्रिया कुठली?

शाळेतला फुलीचा प्रयोग आठवला. कागदावर पेनानं फुली काढायची, तिच्यावर सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाचं चंचुपात्र ठेवायचं आणि त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं. गंधक सुटून द्रावण गढुळतं. वरून बघत फुली दिसेनाशी होईपर्यंत सेकंद मोजायचे. (माझा जोडीदार ‘गेली!’ म्हणायचा तेव्हा मला ती ठळक दिसत असायची. आमचे आलेख त्यामुळे कायम वाकडे.) थायोसल्फेटची संहती निम्मी केली की वेळ साधारण दुप्पट लागायचा. यात नवल नाही. गर्दी कमी, तर धक्केही कमी.

तापमानाचंही तसंच असेल असं मी धरून चाललो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं : ‘तापवल्यावर कण वेगानं धावतात, म्हणून टकरी वाढतात, म्हणून अभिक्रियेचा दर वाढतो.’

पण जरा आकडे मांडून बघा. २७ अंश सेल्सिअसचे ३७ केले, तर कणांचा सरासरी वेग दोन टक्केसुद्धा वाढत नाही. दर मात्र बऱ्याच अभिक्रियांत जवळपास दुप्पट होतो. टकरी तेवढ्याच, मग ही उडी कुठून आली? १८८९ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं याचं उत्तर मांडलं. नुसतं आपटून भागत नाही, ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो मोलमागे (मोल म्हणजे कण मोजायचं डझनासारखं, पण अवाढव्य माप) ५० किलोज्यूल उंच धरला, तर २७ अंशांना अब्ज टकरींत जेमतेम दोन तेवढ्या जोराच्या असतात. बाकीचे सगळे आपटून आल्या वाटेनं परत! ३७ अंशांना त्या दोनाच्या जवळजवळ चार होतात. अब्जात दोन काय नि चार काय, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण काम तेवढ्याच करतात.

म्हणजे दोन टक्क्यांचं कारण देऊन मी दुपटीचे गुण घेतले होते. पैकीच्या पैकी मिळाले होते.