तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्या गुच्छात निळे तारे कसे?

वृश्चिकाच्या नांगीच्या पूर्वेला जी स्कॉर्पी नावाचा तिसऱ्या प्रतीचा नारिंगी तारा आहे आणि त्याला खेटूनच एनजीसी ६४४१ हा गोलाकार तारकागुच्छ दिसतो. आकाशदर्शनात तो दाखवताना ताऱ्याला दृष्टिक्षेत्राबाहेर सरकवावे लागते, नाहीतर त्याच्या झगझगाटात गुच्छाचा धुरकट ठिपका हरवून जातो. हा शेजार अर्थात दिसण्यापुरताच, कारण तारा सुमारे १२५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुच्छ ४० हजारांच्या आसपास. या गुच्छात अतिशय तापलेले निळे तारे आहेत असे सांगितले की प्रश्न हमखास येतो: निळे तारे तरुण असतात ना, मग अब्जावधी वर्षे जुन्या गुच्छात ते आले कुठून?

हे तारे तरुण नाहीत, उतारवयातले आहेत. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर सूर्यासारखा तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. पुढे गाभ्यातला हेलियम पेटतो आणि तारा आकसून सुमारे १० कोटी वर्षे स्थिरावतो. रंग आणि तेज यांच्या आलेखात असे तारे आडव्या पट्ट्यात येतात, म्हणून या अवस्थेला क्षैतिज शाखा म्हणतात. पेटत्या गाभ्याचे वस्तुमान सगळ्यांत जवळपास सारखेच, सूर्याच्या निम्म्याएवढे असते. फरक पडतो तो वरच्या हायड्रोजनच्या आवरणामुळे. ही गोधडी जाड असली तर तारा तांबूस दिसतो, विरली असली तर आतली धग बाहेर येऊन तो निळा होतो.

खरी अडचण पुढे आहे. हेलियमहून जड मूलद्रव्यांना खगोलशास्त्रात सरसकट धातू म्हणतात, अगदी ऑक्सिजनलासुद्धा. ज्या गुच्छात धातू जास्त, तिथले या वयाचे तारे थोडे अधिक वजनदार आणि त्यांचे आवरण अधिक अपारदर्शक, त्यामुळे ते तांबूसच असायला हवेत. ४७ टुकानी या प्रसिद्ध गुच्छात ते तसेच आहेत. एनजीसी ६४४१ आणि वृश्चिकातलाच एनजीसी ६३८८ यांत धातूंचे प्रमाण सूर्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे गोलाकार गुच्छांच्या मानाने भरपूर आहे. तरीही १९९७ साली मायकेल रिच आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दाखवले की दोन्हीकडे तांबूस ताऱ्यांच्या जोडीला आलेखात निळ्या ताऱ्यांची लांबच लांब शेपटी आहे.

पहिला संशय साहजिकच दाटीवर जातो: गर्दीत तारे एकमेकांजवळून गेले आणि त्यांचे आवरण ओरबाडले गेले असावे. मला हे उत्तर कधीच पुरेसे वाटले नाही, आणि त्याचे कारण आलेखातच आहे. या गुच्छांची क्षैतिज शाखा आडवी नाही, ती निळ्या बाजूकडे वर चढते. केवळ आवरण गमावल्याने तारा निळा होईल, पण अधिक तेजस्वी होणार नाही, हे १९९८ मध्ये अॅलन स्वायगर्ट आणि मार्सियो काटेलान यांनी गणिताने दाखवून दिले. आरआर लायरी प्रकारचे रूपविकारी, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे तारेही तेच सांगतात: धातू जास्त असताना त्यांचे आवर्तन, म्हणजे हा काळ, आखूड असायला हवे, तर एनजीसी ६४४१ मध्ये ते सरासरी पाऊण दिवसाचे आहे. एवढे लांब आवर्तन म्हणजे ते तारे अपेक्षेपेक्षा मोठे आणि तेजस्वी.

आज सर्वाधिक पटणारे उत्तर हेलियमचे आहे. हे दोन्ही गुच्छ आपल्या दीर्घिकेतल्या सर्वांत वजनदार गुच्छांपैकी आहेत. त्यांतल्या पहिल्या पिढीच्या मोठ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेला हेलियमयुक्त वायू गुच्छातच अडकला आणि त्यातून दुसरी पिढी जन्मली, असे मानले जाते. वस्तुमानात नेहमीच्या २५ टक्क्यांऐवजी ३५ टक्के किंवा त्याहून जास्त हेलियम घेऊन जन्मलेला तारा भराभर म्हातारा होतो. त्यामुळे या वयाच्या गुच्छात आज क्षैतिज शाखेवर पोचणारा असा तारा मुळातच हलका असतो, त्याचे आवरण पातळ उरते, आणि हेलियममुळेच तो अधिक तेजाने जळतो. निळेपणा आणि चढण, दोन्हींचा उलगडा एकाच कारणाने होतो. हेलियम नेमका कोणत्या ताऱ्यांनी पुरवला, यावर मात्र अजून एकमत नाही.

असे तारे मोजायचे तर अतिनील प्रकाशात पाहावे लागते, कारण तिथे तांबडे तारे जवळपास विझून जातात. २०१५ साली उडालेल्या अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची अतिनील दुर्बीण याच कामाची; तिच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या आयुकाचाही सहभाग होता. या मोजणीचे महत्त्व गुच्छांपुरते नाही. ओएओ-२ या उपग्रहाला १९६९ च्या सुमारास देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातून अपेक्षेपेक्षा जास्त अतिनील प्रकाश आलेला दिसला, आणि पुढे अनेक लंबवर्तुळाकार दीर्घिकांतही तसेच आढळले. तिथे नवे तारे जन्मत असावेत, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. आता बहुतेकांचा कल तो प्रकाश अशाच तापलेल्या म्हाताऱ्यांचा आहे, असे मानण्याकडे आहे.