झऱ्यांच्या वाटेने: कॅरव्हॅन घेऊन मर्री, विल्यम क्रीक आणि कूबर पीडी

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला कच्चा रस्ता, ऊडनाडाटा ट्रॅक, करायचा म्हटलं की मेलबर्नमधली आमच्या ओळखीची मंडळी आधी गाडीबद्दल विचारतात. गाडीचं सांगतेच, पण त्याआधी पाण्याचं समजून घ्या. मर्रीहून विल्यम क्रीककडे जाणारी वाट नेमकी तिथूनच का जाते, तर तिथे जमिनीतून झरे वर येतात म्हणून. मूळनिवासी लोक हजारो वर्षं गेरूच्या व्यापारासाठी या झऱ्यांच्या आधाराने ये-जा करत होते. पुढे जॉन मॅकडोल स्टुअर्ट हा शोधप्रवासी त्याच पाण्याच्या भरवशावर उत्तरेला गेला. १८७२ साली पुरी झालेली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन तारेची लाइन त्याच बाजूने गेली, आणि वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं म्हणून रेल्वेही तिथूनच गेली. गाडीमागे चाकांवरचं घर ओढणारे आपण कॅरव्हॅनवाले या रांगेत अगदी शेवटचे. हे मनात ठेवून निघालं की वाटेतलं प्रत्येक गाव कळायला लागतं.

आम्ही दोघंही निवृत्त, त्यामुळे घाई नव्हती. मेलबर्नहून मिल्ड्युरा, रेनमार्क, बरा असं करत क्वॉर्नला पोचलो. मिल्ड्युरानंतर दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द लागते, तिथे याम्बाला फळमाशीसाठी तपासणी नाका आहे. ताजी फळं, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि आपल्या हिरव्या मिरच्यासुद्धा पुढे नेता येत नाहीत. मी मिरच्या घरीच शेंगदाणे-लसणाबरोबर तेलात परतून ठेचा करून घेतला होता. शिजवलेल्या, वाळवलेल्या पदार्थांना हरकत नसते. जे काही जवळ आहे ते नाक्यावर स्वतःहून दाखवा. दंड जबर असतो, आणि पुढच्या बागायतदारांचं पोट त्या नियमावर चालतं.

क्वॉर्न हे पूर्वी रेल्वेचं मोठं जंक्शन होतं. आता तिथे पिची रिची रेल्वेची जुनी वाफेची गाडी स्वयंसेवक चालवतात. ती रोज धावत नाही, तेव्हा आधी वेळापत्रक बघून मुक्काम ठरवा. क्वॉर्नहून हॉकरला जाताना कन्याका या जुन्या वस्तीचे दगडी अवशेष रस्त्यालगतच आहेत. तिथे जरूर थांबा. १८६५ च्या दुष्काळात जॉर्ज गॉइडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने घोड्यावरून फिरून एक रेषा आखली होती: या रेषेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, गुरं-मेंढ्या पाळा पण गहू पेरू नका. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला आणि लोकांनी रेषेपलीकडे गहू पेरला. १८८० च्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला आणि घरंदारं तशीच सोडून लोक परतले. मराठवाड्यात, माणदेशात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना त्या पडक्या भिंतींबद्दल आणखी काही सांगायला नको. माझे सासरे आटपाडीचे. त्या भिंतीपाशी उभं राहून हे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हॉकरला पेट्रोल, किराणा आणि कॅरव्हॅन पार्क आहे. विल्पिना पाउंड हे डोंगरांचं कडं बघायचं तर इथून जायचं. आम्ही ते पूर्वी पाहिलं होतं म्हणून सरळ उत्तरेकडे निघालो. हायवेपासून जरा आत बेल्टाना आहे, आणि इथे आपला धागा लागतो. १८६५ च्या अगदी शेवटी टॉमस एल्डरने मागवलेले शंभरावर उंट आणि त्यांचे तीसेक उंटवाले कराचीहून जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले, आणि बेल्टाना हे त्यांचं ठाणं झालं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी अशा सगळ्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. तारेचे खांब, लोकरीचे गठ्ठे, पिठाची पोती, पाणी, सगळं त्यांनी वाहिलं. त्यांना बायका-मुलं आणता आली नाहीत; कित्येकांनी इथल्या मूळनिवासी बायकांशी लग्नं केली. मोटारी आल्यावर उंटांचं काम संपलं आणि उंट मोकळे सोडून दिले. आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जे रानटी उंट दिसतात ते त्यांचेच वंशज.

ली क्रीकला टाकी भरून घ्या. कोळशाची खाण २०१५ मध्ये बंद झाली आणि गाव बरंच रिकामं झालं आहे, तरी सोयी आहेत. लिंडहर्स्टपर्यंत सलग डांबर मिळतं. त्याच्या थोडं उत्तरेला गेरूच्या टेकड्या आहेत: पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, जांभळट. दुपार उतरल्यावर जा, तेव्हा रंग उठतात. माती उचलू नका. ज्यांची ती आहे त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे.

आता गाडीचं. लिंडहर्स्टनंतर खडी-मातीचा रस्ता सुरू होतो. तुमची कॅरव्हॅन फक्त डांबरासाठी बनवलेली असेल तर ती पुढे नेऊ नका. क्वॉर्नहून पोर्ट ऑगस्टाला या आणि स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी करा. तो रस्ता शेवटपर्यंत पक्का आहे आणि सहल कमी प्रतीची होत नाही. आमची व्हॅन अर्धी-ऑफरोड म्हणतात तशी, उंच आणि मजबूत सस्पेन्शनची आहे. खडीवर टायरमधली हवा कमी करायची आणि वेगही उतरवायचा. हवा कमी आणि वेग जास्त हे टायर फुटण्याचं नेमकं कारण. किती कमी करायची ते व्हॅनच्या वजनावर ठरतं, म्हणून निघण्याआधी सगळं सामान आणि पाणी भरून वजनकाट्यावर व्हॅन तोलून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरून पुष्कळ लोक व्हॅन मर्यादेबाहेर भरतात. पण वजन वाचवायला पाणी कमी नेऊ नका, इतर सामान उतरवा.

पिण्याचं पाणी माणशी रोज किमान पाच लिटर धरा, आणि वर दोन-तीन दिवसांचं जास्तीचं. ते सगळं व्हॅनच्या टाकीत ठेवू नका. टाकी आणि तिच्या नळ्या खालच्या बाजूला असतात, उडालेल्या दगडाने एक नळी फुटली की सगळं पाणी रस्त्यावर. आम्ही पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये गाडीत ठेवलं होतं. या गावांत नळाला येणारं पाणी बहुधा बोअरचं, मचूळ असतं. अंघोळीला चालतं, डाळ मात्र त्यात लवकर शिजत नाही.

स्वयंपाकाबद्दल दोन गोष्टी, कारण मला बायका हेच सर्वांत जास्त विचारतात. लहान प्रेशर कुकर न्याच. पाणी आणि गॅस दोन्ही वाचतं. थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, मूगडाळ, तांदूळ, सुक्या चटण्या, ताकासाठी दुधाची पावडर एवढ्यावर आमचं उत्तम भागलं. वाटेत भाजी मिळेलच असं नाही. मिळालीच तर कांदे, बटाटे, कोबी. मूग भिजवून मोड आणले की ताजं खाल्ल्यासारखं वाटतं, आणि भिजवलेलं पाणी भांडी विसळायला होतं. ताटं आधी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात धुवायची. पेट्रोल भरताना व्हॅनचा गॅस आणि गॅसवरचा फ्रिज बंद केलाय का ते बघायची जबाबदारी दोघांपैकी एकाची, कायमची.

लिंडहर्स्ट आणि मर्रीच्या मध्ये फरिना आहे. गव्हाच्या आशेने वसलेलं आणि पाण्यावाचून ओस पडलेलं हे गाव. स्वयंसेवक दर हिवाळ्यात काही आठवडे येऊन भिंती सावरतात आणि जमिनीखालच्या जुन्या भट्टीत पाव भाजतात. तेव्हा गेलात तर पाव विकत घ्या, ते पैसे डागडुजीला लागतात. एरवीही तिथला साधा कॅम्प फार शांत आहे.

मर्रीला एक दिवस नक्की ठेवा. इथे बर्ड्‌सव्हिल ट्रॅक आणि ऊडनाडाटा ट्रॅक फुटतात. १८८०च्या दशकात इथवर आलेली रेल्वे १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्सला पोचली. पूर, वाळवी आणि वाहून जाणारे रूळ यांनी ती कायम गांजलेली होती. १९८० मध्ये पश्चिमेला दूरवर नवी लाइन झाली आणि मर्रीची रया गेली. गाव रुळांनी दुभागलेलं होतं: एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळनिवासी. उंटवाल्यांची मातीची मशीद होती, तिची गवताने शाकारलेली प्रतिकृती आज उभी आहे. त्यांनी लावलेली खजुराची झाडंही आहेत. कबरस्तानात त्यांच्या कबरी वेगळ्या कोपऱ्यात आहेत. फोटो न काढता फक्त जाऊन या, असं मी म्हणेन.

पुढे निघण्याआधी मर्रीत रस्त्याची स्थिती विचारा आणि सरकारी संकेतस्थळावरही बघा. थोडा पाऊस झाला तरी ट्रॅक बंद होतो, आणि बंद रस्त्यावर गेलात तर दंड होतो. म्हणून परतीची तारीख घट्ट बांधू नका. विल्यम क्रीक दोनशे किलोमीटरवर आहे, मध्ये पेट्रोल नाही, मोबाइलचा भरवसा नाही. आमच्याकडे आपत्कालीन बीकन, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं यंत्र, होता. तो घेतल्यावर नोंदणी करायला विसरू नका. गाड्यांनी आपसांत बोलण्याचा यूएचएफ रेडिओ असू द्या: ४० नंबरवर ट्रकवाले बोलतात, १८ वर कॅरव्हॅनवाले. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली की कडेला घेऊन धूळ बसेपर्यंत थांबा. हे ट्रक पन्नास मीटरहून लांब असू शकतात.

या टप्प्यावर मी आणखी एक आग्रह धरीन. दोघांनाही व्हॅन जोडून चालवता आली पाहिजे, मागेसुद्धा घेता आली पाहिजे. आपल्या वयात कुणाचीही पाठ कधीही धरते. मी निघण्याआधी शिकवणी लावली आणि खडीवर अर्धा रस्ता मी चालवला. औषधं पूर्ण सहलीची आणि वर पंधरा दिवसांची घ्या, चिठ्ठ्यांच्या प्रती वेगळ्या ठेवा. मर्रीत रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेचा दवाखाना आहे. १९२८ पासून विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या या सेवेची कल्पना जॉन फ्लिनची, आणि तो बेल्टानाला धर्मोपदेशक होता. आम्ही वाटेत जिथे तिची देणगीपेटी दिसली तिथे काही ना काही टाकलं.

ट्रॅकवर काटी थांडा–लेक आयरचा दक्षिण भाग रस्त्यावरूनच दिसतो. या तळ्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीखाली सुमारे पंधरा मीटर, ऑस्ट्रेलियातली सर्वांत सखल जागा. बहुतेक वर्षं पांढरं मीठ. क्वीन्सलँडमध्ये मोठा पाऊस झाला की ते पाणी आठवडेच्या आठवडे वाहत इथे येतं. इथल्या मूळनिवासी अरबाना लोकांना हे तळं पवित्र आहे, तळावर उतरू नका. पाणी आलेलं असेल तर विल्यम क्रीकहून छोट्या विमानाने बघा. महाग आहे, पण खर्च करावा तर यावर.

माझ्या लेखी मात्र या सहलीचं सार वाब्मा कडार्बू इथे आहे. उघड्या, खारट माळावर एक उंचवटा, आणि त्याच्या माथ्यावर ‘बबलर’ नावाचा झरा. खालची वाळू एकदम फुगते, बुडबुडा फुटतो, पाणी स्थिर होतं, परत फुगते. शेजारचा ब्लँश कप हा झरा स्वच्छ, काठाला हिरवं लव्हाळं. हे ग्रेट आर्टेशियन बेसिन या जमिनीखालच्या प्रचंड साठ्याचं पाणी. ऑस्ट्रेलियाच्या सुमारे २२ टक्के भूभागाखाली ते पसरलेलं आहे, आणि आपण बघतो ते पाणी लाखो वर्षांपूर्वी पाऊस म्हणून पडलेलं असू शकतं. झऱ्यात हात-पाय घालायचे नाहीत, फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. अंघोळीची हौस जवळच कावर्ड स्प्रिंग्सला भागते. रेल्वेच्या बोअरचं कोमट पाणी तिथे लाकडी हौदात घेतलंय. खजुराच्या झाडांमधला तो कॅम्प या ट्रॅकवरचा सर्वांत चांगला मुक्काम आहे. दोन रात्री राहा.

विल्यम क्रीक म्हणजे एक पब, पेट्रोल, कॅम्प आणि मोजकी माणसं. तिथून कूबर पीडी सुमारे १६५ किलोमीटर, कच्चा रस्ता, मध्ये काहीही नाही. १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या तुकडीतल्या चौदा वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि गाव झालं. घरं, चर्च, दुकानं जमिनीखाली कोरलेली; बाहेर ४५ अंश असो की थंडी, आत पंचविशीच्या आसपास. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च चुकवू नका. खाणींच्या भागात पायवाट सोडू नका, फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका, उघडे खड्डे खोल आहेत. काँकू-ब्रेकअवे टेकड्या संध्याकाळी बघा. तिथेच डिंगो या रानकुत्र्यांना अडवणारं ५६०० किलोमीटरचं कुंपण दिसतं. गावात पाणी क्षार काढून केलेलं, म्हणून विकतचं. नाण्यांवर चालणाऱ्या नळाचे सुटे पैसे जवळ ठेवा.

परतीला स्टुअर्ट हायवेने पोर्ट ऑगस्टा ५४० किलोमीटर. ग्लेनडाम्बोपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरमध्ये पेट्रोल नाही, आणि ग्लेनडाम्बोचा पंप चालू आहे का हे कूबर पीडीत विचारूनच निघा. पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडी चालवू नका, कांगारू आणि गुरं तेव्हाच रस्त्यावर येतात. पिंबाहून वूमेराला वळा. १९४७ पासूनच्या रॉकेट-चाचण्यांचं साहित्य उघड्यावर मांडलंय. मे ते ऑगस्ट हा काळ धरा, रात्री शून्याजवळ जातात म्हणून जाड पांघरुणं न्या, आणि दिवसा माश्यांसाठी डोक्यावरची जाळी. पोर्ट ऑगस्टाला पोचल्यावर व्हॅनच्या खालून पाण्याचा फवारा मारून घ्या, चाकांचे बेअरिंग तपासून घ्या, आणि मगच मेलबर्नची वाट धरा.