तुम्ही विचारलंत म्हणून: रोल एवढा महाग का पडतो?

फिल्म कॅमेरा हातात आला की पहिले काही दिवस सगळे लेन्सबद्दल विचारतात. चार रोल संपले की प्रश्न बदलतो आणि मग तो बदलतच नाही: ‘रोल एवढा महाग का? आणि स्वस्तात कुठे मिळेल?’ दुकानाचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण किंमत कशी बनते हे कळल्याशिवाय ते नाव फारसं कामाचं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेकांचा संशय चांदीवर असतो. ३५ मिमीच्या ३६ फोटोंच्या रोलचं क्षेत्रफळ साधारण ८० चौरस इंच भरतं, म्हणजे ८ बाय १० इंचांच्या एका कागदाएवढं. त्यावर चढलेली चांदी एका ग्रॅमचा लहानसा अंश असते. चांदी वधारली की कारखान्याला झळ बसते हे खरं, पण किमतीचं मूळ तिथे नाही. मूळ आहे लेप चढवण्याच्या यंत्रात. पारदर्शक पट्टीवर, पूर्ण अंधारात, जिलेटिनमध्ये मिसळलेल्या सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे उजेड पडला की बदलणाऱ्या चांदीच्या क्षाराचे, थर एकावर एक चढवायचे. कृष्णधवलला थर मोजके, रंगीतला डझनभर किंवा त्याहून जास्त. धुळीचा एक कण किंवा लेपाच्या जाडीतला किंचित फरकही चालत नाही. हे यंत्र चालू करणं, सगळं जुळवणं, थांबवून धुणं, यातच मोठा खर्च जातो. रोल हजार निघोत की वीस हजार, तो खर्च तेवढाच राहतो.

हिशेब करून बघा. मूळ पट्टा १.३ मीटर रुंद धरू. कडा सोडून त्यातून ३५ मिमीच्या ३६ पट्ट्या निघतात. एका रोलला सुरुवातीची जीभ आणि शेवटची शेपटी धरून १.६५ मीटर फिल्म लागते, म्हणजे एक किलोमीटर पट्ट्यातून प्रत्येकी सहाशे रोल. ३६ गुणिले ६०० म्हणजे २१,६०० रोल, एवढ्या एका किलोमीटरमधून! ‘आपल्याकडे मागणी आहे, पाचशे रोल वेगळे बनवून द्या’ असं कुठलाच कारखाना का ऐकत नाही, ते इथे समजतं. एकदा लेप चढला की महिनोन्‌महिने पुरेल एवढा माल तयार होतो आणि पुढची पाळी येईपर्यंत तो प्रकार बाजारातून गायब राहतो. दुकानदार ‘माल आला नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

शिवाय असे कारखाने जगात उरलेत किती? अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक. इंग्लंडमध्ये मॉबर्लीला हार्मन, जे इलफोर्ड आणि केंटमिअर या नावांच्या फिल्म बनवतात आणि २०२३च्या अखेरीस ज्यांनी फिनिक्स २०० ही आपली पहिली रंगीत फिल्म आणली. चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोवे शहरात फोमा. जपानात फुजी, पण त्यांनीही बराच भार उतरवला आहे: प्रो ४००एच ही त्यांची रंगीत फिल्म २०२१मध्ये बंद झाली आणि हल्ली फुजी २००च्या खोक्यावर ‘मेड इन यूएसए’ वाचायला मिळतं. ॲक्रॉस टू या फुजीच्याच कृष्णधवल फिल्मच्या खोक्यावर ब्रिटनचं नाव असतं. म्हणून खोक्याचा रंग बघण्याआधी ‘कुठे बनली’ ही ओळ वाचा. नावं भरपूर दिसतात, लेप चढवणारे हात मात्र बोटांवर मोजण्याइतके. फोमाची फिल्म अमेरिकेत अरिस्टा या नावाने विकली जाते. सिनेस्टिल ८००टी ही मुळात कोडॅकची ५००टी सिनेफिल्म आहे. तीच फिल्म वेगळ्या वेष्टनात जास्त दामाला घ्यायची की नाही, हे निदान माहीत असून ठरवावं.

आपल्याकडेही एक कारखाना होता. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स, सरकारी, १९६०मध्ये स्थापन झालेला. ‘इंदू’ नावाचे कृष्णधवल रोल तिथून निघत. थंड आणि धूळ कमी असलेली हवा म्हणून ती जागा निवडलेली. तो बंद पडल्यापासून आपल्याला मिळणारा रोल कुठल्या ना कुठल्या बंदरातून किंवा विमानतळावरूनच आत येतो, आणि डॉलर चढला की त्याची किंमतही चढते.

आता वाटेत काय होतं ते पाहू. कोडॅकचं उदाहरण घ्या. २०१२च्या जानेवारीत ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३मध्ये छायाचित्रणाच्या फिल्मचा विक्रीव्यवसाय कंपनीच्या ब्रिटिश पेन्शन निधीकडे गेला. त्यातून कोडॅक अलारिस ही वेगळी कंपनी उभी राहिली. म्हणजे बनवणारी एक, विकणारी दुसरी, मग देशाचा आयातदार, मग दुकानदार, मग तुम्ही. २०२५पासून ईस्टमन कोडॅकने कोडाकलर १०० आणि २०० स्वतः विकायला घेतल्या, म्हणजे त्या मालापुरती साखळीतली एक कडी कमी झाली.

उदाहरणादाखल आकडे मांडतो, ते आजचे भाव म्हणून धरू नका. आयातदाराला रोल ५०० रुपयांना पडला. वाहतूक आणि विमा ४०. त्यावर सीमाशुल्क ११ टक्के धरलं तर ६०० झाले. आयातदाराचे १५ टक्के, ६९०. दुकानदाराचे १५ टक्के, ७९३. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९३५. यात कुणीही लूट केलेली नाही. आयातदाराने सहा महिन्यांचा माल आगाऊ पैसे भरून उचललेला असतो, त्यातला काही मुदत उलटून पडून राहणार हे त्याला ठाऊक असतं. पण प्रत्येक टक्का आधीच्या टक्क्यावर बसतो हे लक्षात घ्या. कारखान्याने ६० रुपये वाढवले की तुमच्यापर्यंत शंभरावर वाढ पोचते.

माझं स्पष्ट मत असं की रोलची किंमत बघूच नये, फोटोची बघावी. वरचा ९३५चा रोल, धुणं आणि स्कॅन मिळून ४५० धरले तर १,३८५. छत्तीसने भागा: एका फोटोला साडेअडतीस रुपये. १२०च्या, म्हणजे मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यांसाठीच्या रुंद रोलवर फिल्म साधारण तेवढीच, धुण्याचा खर्चही तेवढाच, पण ६ बाय ६ कॅमेऱ्यात फोटो फक्त बारा. एका फोटोचे ११५ झाले. हाफ फ्रेम कॅमेऱ्यात, म्हणजे अर्ध्या आकाराचे फोटो काढणाऱ्यात, ३६च्या रोलवर बहात्तर फोटो येतात, तिथे हाच आकडा वीसच्या आत उतरतो. मात्र काही लॅब बहात्तर स्कॅनचे जास्त पैसे घेतात, तेव्हा आधी विचारा. कृष्णधवल घरी धुतली तर खर्चाचा मोठा तुकडाच गळून पडतो. एका रोलच्या टाकीत ३०० मिली द्रावण लागतं. रोडिनाल हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन, १ला ५० या प्रमाणात म्हणजे जेमतेम ६ मिली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ऐंशी रोल निघतात. फक्त उन्हाळ्यात नळाचं पाणी तीस अंशांवर असतं, ते बर्फाच्या परातीत ठेवून २० अंशांवर आणायचं. गरम द्रावणात वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपर सगळीकडे सारखा चढत नाही, आकाशात पट्टे येतात.

खरेदी करताना खोक्यावरचा स्टिकर वाचा. रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सगळे कर धरून एमआरपी छापलेली असावी लागते. स्टिकर नसेल तर माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे. तो वाईटच असेल असं नाही, पण वाटेत कुठे किती तापला हे कुणीच सांगू शकणार नाही. मुदतीची तारीख स्टिकरखाली झाकली गेली असेल तर दुकानातच सोलून बघा. मुंबईत फोर्टात, बोरा बझारच्या आसपास, खोकं हातात घेऊन बघता येतं हा त्या बाजाराचा मोठा फायदा. पाचाचं खोकं सुट्या रोलपेक्षा बहुधा स्वस्त पडतं, आणि पाचही रोल एकाच लेपाचे असल्याने रंग जुळतात. दोघा-तिघांनी मिळून घ्या.

रंगीत फिल्म एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका. नागपूर किंवा परभणीच्या उन्हात उभ्या गाडीत दोन दिवस काढलेल्या रोलचं नुकसान वरून दिसत नाही. धुतल्यावर सावल्या धुरकट होतात, रंग एका बाजूला झुकतात. वर्षाचा साठा थंडीत घ्या आणि सीलबंद डबीतच फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडायची नाही, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे दोनदा सांगावं लागतं.

परदेशातून येणाऱ्या मावशी-मामांना रोल आणायला सांगत असाल तर एक गोष्ट जरूर सांगा: रोल हातातल्या पिशवीत, चेक-इन सामानात कधीही नाही. तिथलं एक्स-रे यंत्र जास्त तीव्र असतं. हल्ली काही विमानतळांवर हातातल्या सामानालाही सीटी स्कॅनर लावलेत. तेही फिल्मला घातक आहेत. पारदर्शक पिशवीत सगळे रोल एकत्र ठेवून हाताने तपासायची विनंती करायची.

स्वस्ताईच्या शोधात सगळे शेवटी सिनेफिल्मपाशी, म्हणजे चित्रपटांसाठी बनलेल्या फिल्मपाशी, पोचतात. कोडॅक व्हिजन३ची ४०० फुटांची चकती, म्हणजे १२२ मीटर, त्यातून सत्तरच्या वर रोल भरतात. कुणी विकत असेल तर चार गोष्टी विचारा: नंबर काय (५२०७ म्हणजे २५०डी, दिवसाच्या उजेडासाठी; ५२१९ म्हणजे ५००टी, पिवळट दिव्यांच्या उजेडासाठी), डबा कोणत्या वर्षीचा, ठेवला कुठे होता, आणि मागे रेमजेट आहे का. रेमजेट म्हणजे पाठीवरचा काजळीचा काळा थर. तो साध्या सी-४१ यंत्रात, म्हणजे लॅबमध्ये नेहमीची रंगीत फिल्म धुतात त्या यंत्रात, गेला तर सुटून द्रावणात पसरतो आणि तुमच्या मागून आलेल्या दुसऱ्याच्या लग्नाच्या निगेटिव्हवर चिकटतो. म्हणून लॅबला न सांगता असा रोल कधीही देऊ नका. त्याची रीत वेगळी आहे: आधी बोरॅक्ससारख्या अल्कलीत भिजवून थर सोडवायचा, मग ईसीएन-२ हा सिनेफिल्मचा डेव्हलपर, ४१ अंशांवर ३ मिनिटं. २०२५पासून कोडॅकने व्हिजन३ रेमजेटशिवाय काढायला सुरुवात केली आहे, तेव्हा डब्याचं साल विचारणं आता जास्तच महत्त्वाचं. चारपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर फक्त एक रोल घ्या, धुवा, आणि फोटोंच्या मधली कोरी जागा बघा. ती ताज्या रोलपेक्षा दाट दिसली तर बाकीचे घेऊ नका.

नवशिक्यांना मी सिनेफिल्मपेक्षा कृष्णधवलची १०० फुटी चकती आणि बल्क लोडर, म्हणजे चकतीतली फिल्म कॅसेटमध्ये भरायची डबी, सुचवतो. साडेतीस मीटर, म्हणजे अठरा रोल. आधी चकतीची किंमत अठराने भागून सुट्या रोलशी ताडून बघा. स्वस्त फिल्ममध्ये फरक कधीकधी इतका थोडा निघतो की खटपट करण्यात अर्थ नसतो. फरक पटला तर लॅबमधून रिकाम्या कॅसेट, म्हणजे फिल्म ज्यात गुंडाळलेली असते त्या नळ्या, मागून आणा. रोल काढताना फिल्मचा दोन सेंटिमीटरचा तुकडा बाहेर राहू द्या असं त्यांना आधीच सांगून ठेवा. नवी फिल्म त्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडायची, पट्टी दोन्ही बाजूंनी, आणि ती छिद्रांच्या कडेबाहेर जाता कामा नये. कॅसेटच्या तोंडावरची मखमल कोरड्या ब्रशने झटका. तिथे अडकलेला एक कण पूर्ण रोलभर आडवी रेघ ओढत जातो, आणि म्हणूनच एक कॅसेट दोन-तीनदाच वापरावी. लोडरचा दांडा सावकाश फिरवा; कोरड्या हवेत भरभर फिरवला तर घर्षणाने ठिणग्या उडतात आणि निगेटिव्हवर विजेच्या फांद्या उमटतात. भरून झालं की पुढची जीभ कारखान्याच्या रोलसारखी कापा.

कॅसेटवरचे काळे-चंदेरी चौकोन कॅमेऱ्याला फिल्मचा वेग, म्हणजे तिला किती उजेड लागतो ते, सांगतात. दोनशेच्या कॅसेटमध्ये चारशेची फिल्म भरली तर स्वयंचलित कॅमेरा ती दोनशे समजूनच फोटो काढेल, तेव्हा वेग हाताने लावा किंवा त्याच वेगाची कॅसेट वापरा. जोड उजेडात दिलेला असल्याने शेवटचे एक-दोन फोटो जळलेले निघतात. रोलच्या शेवटी फिल्म पुढे सरकवायची दांडी अडली की जोर लावू नका, पट्टी सुटून सगळी फिल्म कॅमेऱ्यातच राहते. तसं झालंच तर कॅमेरा अंधाऱ्या खोलीत उघडा आणि फिल्म हाताने थेट टाकीच्या चकरीवर घ्या.