उंबरठ्याचे कडवे

आषाढ शुद्ध द्वादशी

काल एकादशीच्या कार्यक्रमात दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने ‘अबीर गुलाल’ हा अभंग फार गोड म्हटला, आणि तरीही घरी आल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. तिने ध्रुवपद घेतले, मग वाळवंटातले नाचणे, चंद्रभागेचे स्नान आणि शेवटी चोखोबांची नाममुद्रा. टाळ्या पडल्या, राजगिऱ्याचे लाडू वाटून झाले, सतरंज्या उचलल्या गेल्या. उंबरठ्याचे कडवे मात्र त्यात नव्हतेच. ते गाळले आहे हे कुणाच्या लक्षात आलेले दिसले नाही, आणि मला लागले ते हेच.

रात्री दादाला फोन केला, तर तो म्हणाला, “अगं, वेळ कमी असेल.” असेलही. पण आम्ही जातिहीन, या उंबरठ्याला हात तरी कसा लावायचा, असे जिथे चोखोबा विचारतात, नेमकी तीच जागा वेळेअभावी जावी? ती काढली की उरतो तो नुसता सण. आई असती तर तिला अर्ध्या वाक्यात समजले असते. आता असे काही मनात सलू लागले की ते बोलायला माणूस उरलेले नाही, असे वाटून रात्री उगीचच फार एकटे वाटले.

हा अभंग मी पहिल्यांदा ऐकला तो वाईच्या घरी, अभिषेकीबुवांच्या आवाजात. रेडिओ माजघरात असे. केरसुण्या घेऊन येणाऱ्या मावशी ओट्याच्या शेवटच्या पायरीवर बसत, त्याच्या वर कधी येत नसत. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप ओट्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे, आणि आजी त्यात वरून चहा ओती. त्या सकाळी गाणे लागले तेव्हा मावशी हातातली केरसुणी बाजूला ठेवून मला म्हणाल्या, “पोरी, जरा मोठ्यानं लाव की.” मी धावत जाऊन आवाज वाढवला आणि परत आले, तर त्या बुवांबरोबर ते उंबरठ्याचे कडवे एकही शब्द न चुकता पुटपुटत होत्या. मला केवढा आनंद झाला होता! मी आत जाऊन आजीला सांगितले की मावशींना सगळे गाणे येते. आजी चुलीकडे बघतच म्हणाली, “तिला येणारच.”

त्या दोन शब्दांचा अर्थ मी अजून लावते आहे. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले झाले, त्याला तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती. आमच्या कोनाड्यातला कप मात्र तिथेच होता. आजीविषयी आणखी लिहिता येईल, पण आज नको.

अभिषेकीबुवांचा जन्म १९२९ सालचा, गोव्यातल्या मंगेशीचा. मंगेशाला अभिषेक करणारे त्यांचे घराणे, आडनावही त्यावरूनच आलेले, आणि वडील कीर्तनकार. म्हणजे ज्यांना देवाच्या पिंडीपर्यंतची वाट जन्मानेच मोकळी, त्या घरातल्या गायकाने पायरीशी थांबलेल्या माणसाचे म्हणणे असे गायले की पायरीवर बसलेल्या बाईला ते आपले वाटले. त्या आवाजात कुठे आक्रोश नाही आणि कीवही नाही. शब्द ते इतक्या जपून उच्चारतात की गाणे संपल्यावर चालीच्या आधी शब्द आठवतात. ‘मत्स्यगंधा’ पासून ‘कट्यार काळजात घुसली’ पर्यंत त्यांनी नाटकांना जे संगीत दिले, त्यातही पद कुठे आवरायचे याचे त्यांचे भान पक्के होते. म्हणून तर आटोपशीरपणाच्या नावाखाली त्यांच्याच चालीतले हे कडवे गेलेले मला अधिक झोंबले. १९९८ मध्ये ते गेले, तेव्हा मला आधी आठवल्या त्या मावशी. ही बातमी त्यांना कुणी सांगितली असेल का, हा प्रश्न तेव्हाही कुणाला विचारता आला नाही.

सकाळी उठल्यावर मात्र रात्रीचा कढ बराच ओसरला होता. बारा वर्षांच्या मुलीला जो कागद मिळाला, तो तिने मन लावून पाठ केला. तिच्यावर रुसण्यात काय अर्थ? आणि एवढ्या लोकांत आपल्यालाच कळते असे म्हणत झुरत बसण्यातही नाही. मला ते कडवे येते. मावशींना येत होते, त्यांचे ऐकून मला आले, तसे ते हिलाही येईल.

दुपारी तिच्या आईशी बोलले. उद्या शाळेतून आल्यावर मुलगी माझ्याकडे येणार आहे. आधी बुवांचा सबंध अभंग तिला ऐकवीन, मग कडवे लिहून देईन. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर का आहे, हे ती विचारील तेव्हा सांगेन, आणि नाही विचारले तरी सांगेन. कार्तिकीला अजून चार महिने आहेत. तेवढ्यात एक कडवे सहज बसेल.